रंगीत पानांची कोलियस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मागच्या महिन्यात मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करणे हे माझे काम नव्हे. पण त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या ओसरीवरची झाडे येणारीजाणारी बघते आणि विचारते. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगून टाका." हे मात्र मला पटले. म्हणून आज मी कोलियसच्या झाडांविषयी बोलणार आहे. यातले बहुतेक माझ्या हातून झालेल्या चुकांतून शिकलेले आहे, आणि चुका पुष्कळ झाल्या आहेत.

कोलियस म्हणजे कोणते झाड, हे काहींना ठाऊक नसेल. आपल्याकडे कोणी त्याला रंगीत पान म्हणते, तर कोणी नुसतेच शोचे झाड म्हणून मोकळी होते. गुडघ्याएवढे वाढते, फूल नावापुरते, सगळी शोभा पानांत. तांबडी, जांभळी, पिवळी, पोपटी, काठाची, ठिपक्यांची, झालरीची अशी पाने असतात. याची काडी बोटांत धरून फिरवून पाहा. ती गोल नसते, चौकोनी असते. आता घरी जाऊन तुळशीची काडी तशीच फिरवून पाहा, तीही चौकोनी. पुदिन्याचीही तशीच. ही सारी एकाच कुळातली. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा माझा भाचा सांगतो की, लिनियस नावाच्या स्वीडनच्या मोठ्या शास्त्रज्ञाने 1763 साली या झाडाचे नाव लिहिले, तेव्हा त्याने ते तुळशीच्याच जातीत घातले होते. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची नावे दोनतीनदा बदलली आणि 2019 साली पुन्हा कोलियस हेच नाव कायम केले. एवढे बारसे तर आपल्या पोरांचेही होत नाही! झाड मूळचे जावा वगैरे बेटांकडचे. तिकडे हवा दमट, ऊन झाडांतून गाळून आलेले. इकडे आपला मे महिना कसा असतो ते मी सांगायला नको. या एका गोष्टीत त्याच्या सगळ्या खोडी आल्या.

याच जातीतले एक झाड आपल्यापैकी अर्ध्याअधिक घरांत आहे. पानओवा. जाड, लवदार, ओव्याच्या वासाचे पान. आपण त्याची भजी करतो, पोराला खोकला झाला की रस काढतो. तोही कोलियसच. आणि तिसरे माईनमुळा. गुजराथेत त्याच्या मुळांचे लोणचे घालतात, त्याला ते गरमर म्हणतात. या माईनमुळ्याच्या मुळांतून 1970 नंतरच्या काळात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या आणि मुंबईच्या हेक्स्ट कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी एक औषधी द्रव्य वेगळे काढले, त्याला फोर्सकोलिन म्हणतात. म्हणून कोणी घरच्या घरी काढे उकळत बसू नये, ते डॉक्टरांचे काम. रंगीत कोलियस तर खायचे मुळीच नाही, एवढे पोरांना सांगून ठेवावे. माझ्या धाकट्याने पानओव्याचे भाऊबंद म्हणून एक पान चावून पाहिले होते. थुंकून टाकले, काही झाले नाही, पण मी दिवसभर त्याच्या मागेमागे फिरत होते.

माझ्याकडे हे झाड कसे आले ते सांगते. माझे लग्न 1999 साली झाले. त्याच साली 1 मेला आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला. माझे माहेर नाक्यापलीकडे, वाशिमकडचे. पूर्वी इकडे निजामाचे राज्य आणि तिकडे वऱ्हाड. आता दोन जिल्हे. अंतर काही नाही, पण बोलीत फरक पडतो. मी सासरी पहिल्यांदा "काहून" म्हटले, तेव्हा जाऊबाईंनी आठ दिवस माझी नक्कल केली. माझी थोरली बहीण अकोल्याला दिलेली. 2001 सालच्या आषाढात ती मला भेटायला आली. तेव्हा मीटरगेजची गाडी होती, ती घरंगळत घरंगळत अकोल्याहून यायची. आपल्या स्टेशनवर ताई उतरली ती हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या घेऊन. पिशवीत लाडू होते, पोरांचे कपडे होते, पण आधी तिने काड्या दिल्या. म्हणाली, "यायले आधी पाण्यात ठेव, मग मले पाणी दे."

त्या चार काड्यांत दोन जाती होत्या. एक गडद, जवळजवळ काळे पान. दुसरे पिवळे, त्यावर तांबडे शिंतोडे, जणू कोणी हळदीवर कुंकू सांडले आहे. दुकानात या जातींना इंग्रजी नावे असतात; मला ती ठाऊक नव्हती, म्हणून मी आपली नावे ठेवली. काळी ती चंद्रकळा. पिवळी ती हळदीकुंकू. पुढे आणखी जाती आल्या. मरून अंगाची आणि हिरव्या काठाची पैठणी, विटकरी रंगाची विटकर, कातरलेल्या काठाची झालर. सासूबाई म्हणायच्या, "नावं लुगड्यांची, पण नेसायला येतंय का एक तरी?" त्यांचेही खरेच होते. घरात तेव्हा पैशांची ओढ होती, आणि मी पोटाला न लागणारी पाने वाढवत बसले होते.

आता लागवडीचे सांगते. ज्यांना लिहून घ्यायचे असेल त्यांनी घ्यावे.

कोलियस काडीपासून लावावे. चार बोटे लांबीची, कोवळी पण लुसलुशीत नव्हे अशी शेंड्याची फांदी घ्यावी. पेऱ्याच्या खाली कापावी, खालची पाने काढावीत, वरची दोन-चार ठेवावीत. पाने फार मोठी असली तर ती निम्मी कापली तरी चालतात. मुळे नाहीत तोवर एवढ्या पानांना पाणी कोण पुरवणार? मग काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवावी. पान पाण्यात बुडू देऊ नये, ते कुजते आणि सगळे पाणी नासवते. एक दिवसाआड पाणी बदलावे. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच मातीत लावावी. पुष्कळ जणी मुळे कशी छान दिसतात म्हणून महिना महिना ग्लासातच ठेवतात. पाण्यातली मुळे पाण्याला सोकावतात, मग मातीत झाड रुसून बसते. सरळ ओल्या वाळूत काडी खोचली तरी लागते; मी आता तसेच करते.

काडी कधी लावावी, हे मी फजिती होऊन शिकले. एका संक्रांतीला मला वाटले, दरवर्षी प्लास्टिकच्या डब्या लुटतो, यंदा झाडे लुटावीत. तीस काड्या कापल्या, ओल्या कापसात गुंडाळल्या आणि हळदीकुंकवाला आलेल्यांना वाण म्हणून दिल्या. सगळ्या खूश. फाल्गुनात एकेकीला विचारले, तर तिसांतल्या चार काड्या जगल्या होत्या. काहींनी तर मला तोंडावर सांगितले, "तुमचं वाण मेलं बाई." कारण साधे होते. या झाडाला थंडी सोसत नाही. पौषात आपल्याकडे पहाटे हात आखडतात, मग काडी मुळे कशाला काढील? पारा दहा अंशांच्या आसपास आला की लावलेले झाडसुद्धा पाने टाकते. तेव्हापासून वाणाच्या काड्या मी नवरात्रात लावते. दिवाळीपर्यंत त्या धरतात, संक्रांतीला मुळांसकट छोट्या पिशवीतले झाड देता येते. सर्वांत उत्तम काळ म्हणजे आषाढ-श्रावण. त्या दिवसांत जमिनीवर पडलेली काडीसुद्धा लागते.

माती. आपली काळी माती कापसा-सोयाबीनला, हळदीला सोने आहे, पण कुंडीत ती वैरीण. पाणी घातले की फुगते, चिखल होतो, मुळे गुदमरतात. वाळली की भेगा पडतात आणि भेगेबरोबर बारीक मुळे तुटतात. मी एक वाटा गाळाची माती, एक वाटा नदीची वाळू आणि एक वाटा चांगले कुजलेले शेणखत घेते. शेणखत हातात घेतले तर वास येता कामा नये, आणि गरम तर मुळीच लागता कामा नये. डब्याला खाली भोके पाडायला विसरू नये. गोडेतेलाचे डबे, फुटके माठ, पोरांची मोडकी बादली, काहीही चालते. मी कुंडी विकत घेतली ती लग्नानंतर पंधरा वर्षांनी.

रासायनिक खताची एक गोष्ट. शेतात सोयाबीनला टाकून उरलेली युरियाची पिशवी घरात होती. मी म्हटले, पिकाला चालते तर याला का नाही? डब्याडब्याला मूठमूठ टाकली. दोन डबे तिसऱ्या दिवशी करपून गेले. बाकीचे वाचले आणि भराभर वाढले, पण सगळे हिरवे आणि लांबट. रंग कुठे गेला कळेना. नत्र जास्त झाले की असे होते. आता महिन्यातून एकदा शेणाची पातळ स्लरी, बादलीभर पाण्यात तांब्याभर, एवढेच देते.

आता मुख्य गोष्ट, ऊन आणि सावली. यातच सगळे आहे, आणि सगळ्या जातींना एक नियम लावला की घात होतो.

पानातला तांबडा-जांभळा रंग हा अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते द्रव्य पानाला उन्हापासून थोडे सांभाळते. म्हणून गडद पानांची झाडे ऊन जास्त सोसतात. माझी चंद्रकळा ओसरीच्या पूर्व कडेला असते, तिला सकाळचे दहा-साडेदहापर्यंतचे ऊन मिळते, आणि थंडीत तर दुपारपर्यंतचे. तिला आत सावलीत ठेवली की महिन्याभरात काळेपणा उतरतो, शेवाळी दिसू लागते. पैठणीचेही तेच. विटकरला मधली जागा. पण हळदीकुंकू आणि ज्या पानांत पांढरा किंवा फिका पिवळा भाग मोठा आहे अशा साऱ्या जाती उन्हाने भाजतात. आधी काठ तपकिरी होतो, मग पान कागदासारखे वाजते. यांना उजेड पुष्कळ हवा, पण ऊन गाळलेले हवे. कडुनिंबाखाली, नाही तर हिरव्या जाळीखाली. घराच्या आत कोपऱ्यात ठेवलेत तर मात्र काडी लांबच लांब होते, पाने विरळ होतात. झालर तर इतकी नाजूक की वाऱ्यानेही तिचे पान फाटते. तिला भिंतीचा आडोसा द्यावा. नवीन जात घरी आणली की मी तिला पहिले पंधरा दिवस रोज नवीन जागी ठेवत नाही. एका जागी ठेवते, आणि नवे फुटलेले पान पाहते. जुने पान आधीच्या घरचे सांगते. आपल्या घरी सून रमली की नाही ते नव्या पानावर कळते.

शेंडा खुडणे हे दुसरे मोठे काम. झाड वीतभर झाले की शेंडा खुडावा. दोन फांद्या फुटतात. त्या चार पानांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. झाड भरगच्च होते, आणि खुडलेला शेंडा म्हणजे नवी काडी, वाया काही जात नाही. तुऱ्याचेही तसेच. तुळशीची मंजिरी आपण खुडतो ना, तसाच याचा तुरा दिसला की खुडावा. तुरा वाढू दिला की झाड बी धरण्याच्या नादी लागते, पाने लहान होतात, काडी लाकडासारखी होते. माझ्या मुलीला ते निळे फूल आवडते म्हणून एका डब्याचे तुरे मी तसेच सोडते. घरात शांतता पाहिजे.

आणि रंगीत झाडावर एखादी फांदी साधी हिरवी फुटली तर ती बुडापासून कापावी. हिरव्या पानाला अन्न जास्त करता येते, म्हणून ती फांदी जोमाने वाढते आणि दोनतीन महिन्यांत सगळे झाड हिरवे करून टाकते. उलट एखादी फांदी नव्याच रंगाची निघाली तर ती काडी वेगळी लावून पाहावी. माझ्याकडची एक जात अशीच पैठणीच्या अंगातून निघालेली आहे, हिरवा काठ जाऊन पिवळा आलेला. तिला नाव अजून ठेवलेले नाही. सुचवा कोणी.

बियांपासूनही झाडे होतात, पण बियांची पोरे आईसारखी निघतीलच असे नाही. गंमत म्हणून करावे. बी खसखशीपेक्षा बारीक. वर माती टाकू नये, त्याला उगवायला उजेड लागतो. ओल्या मातीवर भुरभुरावे आणि वर काच ठेवावी. उगवलेल्यांतली थोराड रोपे ठेवून किरकोळ रोपे उपटू नका. मी पहिल्या खेपेला तसे केले आणि सगळी हिरवी रोपे पदरात पडली. जी बारीक, मागे राहिलेली असतात, त्यांतच पुष्कळदा सुंदर रंग निघतात.

रोगकिडीचे थोडक्यात सांगते. कपाशीवर येतो तो पिठ्या ढेकूण याच्यावरही येतो, पेऱ्यात कापूस चिकटल्यासारखा दिसतो. थोडा असेल तर जुन्या दातघासणीने साबणाच्या पाण्यात काढून टाकावा. जास्त असेल तर निंबोळी अर्क. उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या वेचून वाळवून ठेवाव्यात. लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भरडलेली निंबोळी फडक्यात बांधून रात्रभर भिजवावी, पिळून गाळावी, चिमूटभर साबण टाकावा आणि संध्याकाळी फवारावे. पावसाळ्यात गोगलगायी येतात. त्या रात्री विजेरी घेऊन वेचाव्यात. आणि सर्वांत जास्त झाडे मरतात ती किडीने नव्हे, पाण्याने. कोलियसची पाने दुपारी मान टाकतात, ती पाहून बाई तांब्या घेऊन धावते. थांबावे. बोट मातीत खुपसून पाहावे. माती ओली असेल तर ते झाड नुसते उन्हाने दमले आहे, संध्याकाळी उठते. ओल्या मातीत आणखी पाणी घातले की मूळ कुजते, काडी खालून काळी पडते. असे झाले की मुळाची आशा सोडून शेंडे कापून पुन्हा लावावेत.

आता जी गोष्ट सांगायची की नाही याचा मी चार दिवस विचार केला, ती सांगते.

माझी ताई 2011 साली गेली. तिच्या घरी तिची झाडे पुढे कोणी ठेवली नाहीत. तिची हळदीकुंकू माझ्याकडे होती तेवढीच राहिली. काडीपासून वाढवलेले झाड हे मूळ झाडाचेच अंग असते, नवे मूल नव्हे. म्हणजे दरवर्षी मी काडी बदलत होते, तरी झाड तेच होते, ताईने फडक्यात आणलेले.

मग 2016 सालचा उन्हाळा आला. तो कोणाला सांगायला नको. लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणले, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिले. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि दोन दिवसांआड घागरी भरायच्या. घरात सहा माणसे आणि दोन जनावरे. मी झाडांना स्वच्छ पाणी घालणे बंद केले. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी तुळशीला, आणि उरले तर दोन डब्यांना. एक चंद्रकळेचा, एक हळदीकुंकवाचा. बाकीची झाडे गेली. हे दोन डबे जनावरांपासून वाचावेत म्हणून मी परसात पत्र्याच्या भिंतीशी, खाली सावलीत ठेवले. सावली होती, हे खरे. पण मे महिन्यात तो पत्रा असा तापायचा की हात लावता येत नसे. वैशाखात एक दिवस सकाळी पाहिले, तर दोन्ही डब्यांत वाळलेल्या काड्या. शेंडासुद्धा ओला नव्हता.

मी घरात कोणाला काही बोलले नाही. माणसांना पाणी नाही तिथे पानांचे रडगाणे कोणापुढे गायचे? पण भाकरी थापताना डोळे भरून यायचे, आणि धुराचे निमित्त तरी किती दिवस सांगणार, घरात गॅस आहे.

आमच्या शेजारच्या बाईंनी 2012 साली माझ्याकडून हळदीकुंकवाची एक काडी नेली होती. पुढे 2014 साली आमचे त्यांचे सांडपाण्याच्या नालीवरून भांडण झाले. काय झाले आणि कोणाचे चुकले ते आज काढत नाही. एवढेच सांगते की दोन वर्षे आमचे बोलणे बंद होते. हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावले नाही आणि त्यांनी मला. त्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालायला गेले असता मी त्यांच्या परसात सहज पाहिले. न्हाणीच्या मागे, जिथे ओल झिरपते तिथे, एका फुटक्या रांजणात हळदीकुंकू उभी होती. डेरेदार. दोन हात रुंद.

दोन दिवस मी धुमसत होते. मागायचे कसे? तिसऱ्या दिवशी मुलीला पाठवले. म्हटले, आईने एक काडी मागितली आहे म्हण. ती रिकाम्या हाती परत आली. म्हणाली, "काकू म्हणल्या, आईला म्हणावं स्वतः ये. पोरीच्या हाती देणार नाही."

मला राग आला. काडी माझीच होती, मीच दिलेली. सासूबाई पलंगावरून हे ऐकत होत्या. या झाडांना नावे ठेवणाऱ्या त्याच सासूबाई. त्या म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचं झाड हाय ना ते? मग नालीचं काय घेऊन बसलीस. जा."

मी गेले. बाई दारातच उभ्या होत्या. "या" म्हणाल्या, दुसरे काही बोलल्या नाहीत. चहा ठेवला. टंचाईच्या दिवसांत चहाला दोन कप पाणी म्हणजे काय ते तुम्हांला कळेल. मग मला परसात नेले आणि स्वतःच्या हाताने पाच शेंडे खुडले. आणि वरून मला बोलल्या, "तुझं लक्ष सगळं पाण्यावर. अगं, पाणी मी पण घालत नव्हते. जागा बघ की." खरेच होते. त्यांनीही एक तांब्या स्वच्छ पाणी त्याला घातले नव्हते. न्हाणीच्या भिंतीची ओल, उत्तरेची बाजू, वर शेवग्याची विरळ सावली आणि भुईवर सोयाबीनच्या कुटाराचा थर. झाड थंड्या जागी बसले होते, एवढेच. माझे झाड तहानेपेक्षा पत्र्याच्या झळेने मेले होते.

ते पाच शेंडे मी पिण्याच्या माठाच्या तिवईखाली ठेवले, जिथे थेंब गळतात तिथे, ओल्या वाळूच्या थाळीत. तीन धरले. तेव्हापासून उन्हाळ्यात माझी फिकी झाडे माठाखाली आणि न्हाणीमागे जातात. मार्गशीर्षात आत येतात, होळीनंतर माठाखाली, आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की ओसरीवर. कुंड्यांवर कुटार पसरते, दोन कुंड्यांमध्ये ओले गोणपाट टाकते. उन्हाळ्यात बोअरचे पाणी पानांवर शिंपडत नाही, त्याचे पांढरे डाग पडतात. मुळाशीच घालते, आणि तेही सकाळी ऊन चढायच्या आत.

आणि आणखी एक केले. प्रत्येक जातीची एकेक काडी मी दोन वेगळ्या घरी ठेवते. कोणाकडे कोणती आहे ते दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेले आहे. चंद्रकळा गेली ती गेलीच, कारण ती मी कोणालाच दिली नव्हती. काळा रंग दुसऱ्या कोणाच्या दारी दिसू नये असे मला वाटायचे. आज माझ्याकडे आहे ती नांदेडच्या रोपवाटिकेतून आणलेली. दिसायला तशीच आहे, पण मला ठाऊक आहे ना.

त्या शेजारच्या बाई आज इथेच बसलेल्या आहेत. नाव घेत नाही, नाही तर उद्या चहा मिळायचा नाही. नालीचा निकाल अजून लागलेला नाही.

बाहेर दाराशी दोन बादल्यांत काड्या ठेवल्या आहेत. निळ्या बादलीत गडद पानांच्या, त्या उजाड अंगणवाल्यांनी घ्याव्यात. लाल बादलीत हळदीकुंकू आहे. ज्यांच्या घरी उत्तरेची किंवा पूर्वेची सावली आहे त्यांनीच ती न्यावी. दोन दोन काड्या घ्या, एक आपल्या घरी आणि एक दुसरीच्या. घरी गेल्याबरोबर आधी पाण्यात ठेवा, मग चहा प्या. आणि जाताना त्या बिननावाच्या जातीचे पानही पाहून जा. ते टेबलावर पेल्यात ठेवले आहे.